पिग्मीच्या चोपडीपासून ब्लॉकचेनपर्यंत : आपल्या पैशाचा हिशोब आता कोण लिहितो?

बेळगावच्या भाजी मार्केटमधून गोव्याला गेलेल्या मालाचे पैसे पूर्वी गाडीच्या ड्रायव्हरबरोबर रोख यायचे, नाहीतर आठवड्याच्या हिशोबाला मिळायचे. आता म्हापशाचा व्यापारी माल उतरवून घेतानाच मोबाईलवरून पैसे टाकू शकतो. निपाणीचा पोरगा पुण्यात नोकरीला असेल तर घरचं वीजबिल तिकडूनच भरतो. राज्याची हद्द आडवी येत नाही आणि बँक वेगळी असली तरी अडत नाही.

पण त्याच मोबाईलवर दहा मिनिटांत कर्ज देणारं ॲप येतं, 'क्रिप्टोत पैसे लावा, महिन्याला ठरलेला परतावा घ्या' म्हणणारा ग्रूप येतो आणि आपल्या सोसायटीचं नवीन ॲपही येतं. सगळेच स्वतःला फिनटेक म्हणवतात आणि काही जण वर ब्लॉकचेनचंही नाव घेतात. यातल्या कोणावर किती विसंबायचं हे ठरवायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. तीन प्रश्न पुरतात. हिशोब कोण लिहितो? पैसा प्रत्यक्षात कोणाकडे आहे? आणि काही चुकलं तर जाब कोणाला विचारायचा?

चोपडी ते मशीन

घरोघरी आणि दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारी पिग्मी आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. उडुपीत १९२५ साली सुरू झालेल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजेच पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये ही योजना आणली. ती बँक १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव सगळ्याच बँका-सोसायट्यांच्या रोजच्या ठेवीला चिकटलं ते चिकटलंच.

पिग्मीत पैशाची नोंद तीन ठिकाणी व्हायची : आपल्या चोपडीत, एजंटच्या वहीत आणि बँकेच्या खतावणीत. तिन्ही जुळल्या तर पैसा सुरक्षित. एजंटने चोपडीवर शंभर लिहून बँकेत ऐंशीच भरले तर ते कळायला कधी कधी वर्ष जायचं. मग एजंटच्या हातात छोटं मशीन आलं, त्यातून पावती निघू लागली, पुढे लगेच एसएमएस येऊ लागला. प्रत्येक पायरीवर या तीन नोंदींमधलं अंतर कमी होत गेलं. फिनटेक म्हणून जे काही आज चाललंय, त्याचं मूळ काम हेच आहे : नोंद पटकन व्हावी, सगळीकडे एकसारखी व्हावी आणि तिच्यात मागाहून फेरफार करता येऊ नये.

युपीआय चालतं कसं

भारतात हा बदल सर्वांत मोठ्या प्रमाणावर युपीआयने घडवला. रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन (एनपीसीआय) स्थापन झालं, आणि युपीआय त्यांनीच उभं केलं. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदाच २,००० कोटींच्या वर गेले. त्या महिन्यात फिरलेली रक्कम २४ लाख कोटी रुपयांहून जास्त होती.

आपण क्यूआर स्कॅन करून पिन टाकतो तेव्हा ॲप ती सूचना एनपीसीआयच्या यंत्रणेकडे पाठवतं. आपली बँक पिन आणि शिल्लक तपासून रक्कम वजा करते. मग समोरच्या बँकेला ती जमा करायला सांगितलं जातं. बँकांचा आपापसातला हिशोब नंतर रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांमधून मिटतो. म्हणजे फोनपे किंवा गुगल पे हे फक्त निरोप पोहोचवतात. युपीआयच्या व्यवहारात पैसा एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या बँक खात्यात जातो, ॲपवाल्याच्या तिजोरीत थांबत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की युपीआय ब्लॉकचेनवर चालतं. तसं नाही. मध्ये एनपीसीआय नावाची एक जबाबदार संस्था बसलेली आहे आणि दोन्ही टोकांना बँका आहेत. त्यामुळे जाब विचारायलाही जागा आहे. आपल्या खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्या माणसाला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देणं बँकेला बंधनकारक आहे.

लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच : पिन लागतो तो पैसे पाठवायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी मान्यता द्या' अशा रिक्वेस्ट पाठवून लोकांना इतकं लुटलं गेलं की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे युपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोयच एनपीसीआयने बंद केली.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्यांना कीर्द आणि खतावणी सांगायला नको. ब्लॉकचेन ही एक कीर्दच आहे, फक्त ती एकाच्या गादीखाली नसते. समजा, बाजारातल्या दहा पेढ्यांनी ठरवलं की सगळ्यांचे व्यवहार एकाच कीर्दीत लिहायचे आणि तिची एकेक प्रत प्रत्येकाकडे ठेवायची. एक पान भरलं की त्या पानावरच्या सगळ्या मजकुरातून गणिताने एक खूण काढायची आणि ती पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायची. आता कोणी मागच्या पानावरचा एक आकडा जरी खोडला तरी त्या पानाची खूण बदलते, मग पुढच्या पानांशी ती जुळत नाही आणि बाकी नऊ जणांच्या प्रतींशीही जुळत नाही. चोरी लगेच उघडी पडते. पान म्हणजे ब्लॉक, आणि खुणांनी जोडलेली पानं म्हणजे चेन.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या साखळीचं पहिलं पान लिहिलं गेलं. मध्ये बँक नको, सरकार नको, कीर्द सगळ्यांनी मिळून सांभाळायची, अशी ती कल्पना.

पण या कीर्दीची मर्यादाही ओळखून असावी. लिहिलेलं बदलू न देणं एवढंच ती करते. मुळात लिहिलेलं खरं होतं का, हे ती सांगत नाही. खोटं बिल नोंदवलं तर ते खोटं बिलच कायमचं जपून ठेवलं जातं.

कामाला आलं ते कुठे?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना एक दुखणं पाठ आहे : माल मोठ्या कंपनीला गेला, बिल झालं, पण पैसे महिनोन्महिने अडकले. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, पण कायदा एकीकडे आणि येणी दुसरीकडे. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने 'ट्रेड्स' ही व्यवस्था आली. लघुउद्योजक आपलं बिल तिथे टाकतो, खरेदीदार कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि थोडी वटणावळ कापून पैसे लगेच मिळतात. वर्षाला २५० कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी आता सक्तीची आहे.

यात एक धोका होता. एकच बिल तीन ठिकाणी दाखवून तीनदा पैसे उचलले तर? ट्रेड्स चालवणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, त्यामुळे आपल्या ग्राहकांची बिलं त्या एकमेकींना दाखवणार नाहीत. इथे २०१८ पासून ब्लॉकचेन वापरलं गेलं. बिल उघड न करता फक्त त्याची गणिती खूण सामायिक कीर्दीत टाकायची. तीच खूण दुसऱ्यांदा आली की बिल आधीच वटवलेलं आहे हे कळतं. एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेकांना एकच नोंद पाहिजे असते, तिथे ही पद्धत शोभते.

दुसरं उदाहरण आपल्या खिशात आहे. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपलं नाव आणि मजकुराचा नमुना मोबाईल कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत नोंदवावा लागतो. ही नोंदवही याच तंत्रावर चालते. बँकेच्या नावाने दहा आकडी साध्या नंबरवरून 'खातं बंद होणार' असा मेसेज आला तर तो या नोंदणीतून आलेला नाही, हे तिथेच ओळखावं.

प्रत्येक दुखण्यावर मात्र ब्लॉकचेन हे औषध नाही. २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतल्या घोटाळ्यात परदेशी बँकांना हमीचे संदेश एका यंत्रणेतून जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकात त्यांची नोंदच होत नव्हती. त्यानंतर दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडायला रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना भाग पाडलं. एवढं साधं काम आधी झालं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

ई-रुपया वेगळा, बिटकॉइन वेगळं

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला. पहिल्या टप्प्यात मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर ही शहरं होती. खिशातली नोट आणि ई-रुपया यांत कायद्याने फरक नाही, दोन्ही रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. फक्त नोट कागदाची आणि हा मोबाईलमधला. बँकेत ठेवलेल्या रकमेवर व्याज मिळतं, ई-रुपयावर नोटेसारखंच काही मिळत नाही. यातही ब्लॉकचेनचे काही भाग वापरले आहेत, पण चावी रिझर्व्ह बँकेकडेच आहे.

बिटकॉइनच्या मागे अशी कोणतीही बँक किंवा सरकार नाही. त्याची एकूण संख्या २.१ कोटींच्या वर जाणार नाही आणि किंमत मागणी-पुरवठ्यावर खालीवर होते. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवलं होतं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्यामुळे क्रिप्टो घेणं-विकणं गुन्हा नाही, पण ते चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यातल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो.

कर घेतला म्हणजे सरकारने हमी दिली, असा अर्थ काढू नये. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना आपलेच पैसे काढता येईनात. ब्लॉकचेनवर चोरीची नोंद चोख राहिली, पैसे कुठल्या पत्त्यावर गेले तेही दिसलं, पण ते परत आणून देणारी बँक मध्ये नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे क्रिप्टोच्या नावावर चालणाऱ्या साखळी योजना. 'गेनबिटकॉइन' योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटक केली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. महिन्याला दहा टक्के कोणताही प्रामाणिक धंदा देत नाही. नव्याचे पैसे जुन्याला देण्याचा तो खेळ असतो. सांगणारा मेहुणा असो की शाळेचा मास्तर, हे गणित बदलत नाही.

मोबाईलवरचं कर्ज

सावकार घरी येऊन चारचौघांत अपमान करायचा. बेकायदा कर्ज ॲप तेच काम मोबाईलमधले फोटो आणि नंबर उचलून करतात. हे रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाचे नियम आणले आणि मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र केले. त्यानुसार कर्जाची रक्कम बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून थेट आपल्या खात्यात यायला हवी. व्याज, फी सगळं धरून वर्षाचा एकूण खर्च किती, हे सांगणारं पत्रक आधी द्यायला हवं. ॲपला आपली फोनबुक आणि फोटो गॅलरी उघडता येत नाही. ठरलेल्या मुदतीत मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन कर्ज सोडता येतं. कोणतं ॲप कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे याची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. यादीत नाव नसेल तर ते ॲप ठेवू नये.

चांगली बाजूही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने किसान क्रेडिट कार्डाचं कर्ज ऑनलाईन देण्याचा प्रयोग कर्नाटक आणि महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत केला. आरटीसी उतारा असो की सातबारा, बँकेने तो परस्पर सरकारी नोंदीतून पाहिला तर शेतकऱ्याच्या तलाठी कार्यालय ते बँक अशा चकरा वाचतात. त्यासाठी उताऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळायला मात्र हवं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव कन्नड, मराठी आणि इंग्रजी कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. ते वेळेवर दुरुस्त करून घेणं हे आता कर्जाच्या तयारीतलंच काम झालंय.

सोसायटीचं ॲप आणि ठेवीचा विमा

हा मुद्दा सीमाभागासाठी सर्वांत महत्त्वाचा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, खासगी असो की अर्बन सहकारी, एका ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा लागू आहे. पतसंस्था, सौहार्द सहकारी आणि बहुराज्य क्रेडिट सोसायटी यांना हा विमा नाही.

त्यांच्यावर देखरेखही वेगवेगळी. सौहार्द संस्था कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली, तर महाराष्ट्र-कर्नाटक-गोवा अशा एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या संस्था २००२ च्या बहुराज्य सहकारी कायद्याखाली, केंद्रीय निबंधकाकडे. रिझर्व्ह बँक यांची मालकीण नाही. नावात 'बँक' शब्द वापरायची त्यांना परवानगीही नाही.

आता अशा संस्थांकडेही क्यूआर कोड आहे, ॲप आहे, एसएमएस येतो. दिसायला सगळं बँकेसारखं. संस्था चांगली चालत असेल तर या सोयींचा उपयोगच आहे. पण ॲप गुळगुळीत चालतंय म्हणून ठेव सुरक्षित आहे, असं समजू नये. ॲप फक्त आकडा दाखवतं. त्या आकड्यामागे पैसा आहे का, हे संस्थेचा ताळेबंद, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकी सांगते. सभासद म्हणून वार्षिक सभेत हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

नोंद सगळ्यांनाच दिसते

डिजिटल व्यवहाराची दुसरी बाजू कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांनी जुलै २०२५ मध्ये अनुभवली. वाणिज्य कर खात्याने युपीआयच्या जमा रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा काढल्या आणि बेंगळुरूत बऱ्याच दुकानांवर 'युपीआय नाही, फक्त रोख' असे फलक लागले. नियम असा की वस्तूंच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर आणि सेवेची २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. घरातल्यांनी पाठवलेले पैसे, हातउसने आणि दुकानाचा गल्ला एकाच खात्यात येत असेल तर सगळीच उलाढाल दिसते. धंद्याचं खातं वेगळं ठेवलं की हा घोळ टळतो.

फसवणूक झाली तर

पहिल्या तासाला किंमत आहे. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर लगेच फोन करावा, बँकेला कळवून खातं आणि युपीआय थांबवावं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. आपली चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि आपण बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ग्राहकावर नुकसान येत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध 'सचेत' पोर्टल आहे.

सोसायटीबद्दलची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही, ती निबंधकाकडेच करावी लागते. आणि व्हॉट्सॲप ग्रूपवरच्या क्रिप्टो योजनेत पैसे गेले तर पोलीस ठाण्याखेरीज दुसरं दार नाही. म्हणून जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न पैसे गेल्यावर न विचारता पैसे देण्याआधी विचारावा. समोरच्याकडे त्याचं सरळ उत्तर नसेल, तर पैसे खात्यातच राहू द्यावेत.